मागच्या स्पीकरमधलं तोंड

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलंय, आणि तिचा दीर तेव्हा शेजारीच बसलेला होता.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

भाची आवाज मिसळण्याचं काम करते. रंगाच्या दुकानावर तिचा छोटासा स्टुडिओ आहे. जाड दार, खिडकी नाही, भिंतींना करडा फोम. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि धडधडाटासाठी जमिनीवर एक ढोल्या स्पीकर.

त्या दिवशी ती मुलांसाठीची एक गोष्ट पुरी करत होती. गोष्ट सांगणारे तात्या रेकॉर्डिंग झालं आणि थोड्याच दिवसांत वारले. मध्येमध्ये "मग काय झालं?" असं विचारणारा आवाज भाचीच्या लेकीचा.

आता नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक आवाज वेगळा ठेवलेला असतो. तो कुठल्या स्पीकरकडे जायचा, ते नळ जोडावेत तसं जोडावं लागतं. बरेच नळ एका मोठ्या पाइपात सोडायचे. त्या पाइपाला हे लोक 'बस' म्हणतात. तात्यांचा आवाज समोरच्या बसमध्ये. वारा आणि रातकिडे मागच्या बसमध्ये. लेकीचा आवाज समोर, पण त्याची एक बारीक धार तिने मागेही सोडली होती. ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्या पाठीशी मुलं बसलीत.

तिने गोष्ट सुरू केली. तात्या बोलू लागले.

आणि मागून, डाव्या कानाशी…

च्यप.

ओलं. जाड. बोळक्या तोंडाने कुणीतरी मऊ घास घोळवावा तसं.

"वहिनी, एकट्याच काय खाताय?" दीर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

"मी कुठे खातेय, भाऊजी? मला वाटलं तुम्हीच."

तिने शोधाशोध केली, आणि कारण सापडलं.

तात्यांची कवळी सैल होती. वाक्यावाक्याला लाळेची चपचप, ओठांचं चटकणं, आवंढा. ते सगळं तिने सफाई करून काढलं होतं. या सफाईच्या सोयीत एक बटण असतं: काढलेला कचरा तेवढाच ऐकवणारं. चुकून चांगला शब्द तर कापला गेला नाही ना, हे तपासायला. तपासणीसाठी काढलेली कचऱ्याची प्रत तिच्याकडून तशीच चालू राहिली होती, आणि जोडली गेली होती मागच्या बसला.

"शी! म्हणजे मघापासून आपण तात्यांची थुंकी ऐकतोय?"

"कान धुऊन या, जा."

दोघं हसले. तिने ती प्रत पुसून टाकली आणि गोष्ट पुन्हा सुरू केली.

तात्यांचा आवाज लख्ख आला. लेकीने विचारलं, "मग काय झालं?"

मागे…

च्यप.

पुढच्या वेळी लेक म्हणाली, "मग काय…"

घटकन काहीतरी गिळल्याचा आवाज आला.

"वहिनी, शब्द का कापलात?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात. 'झालं' होतं तिथे आता सपाट रेघ होती. तिने मूळ रेकॉर्डिंग उघडलं. तिथेही रेघच.

तिने गोष्ट थांबवली. तात्या थांबले. वारा थांबला. रातकिडे थांबले.

चघळणं थांबलं नाही.

डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. घास एका गालातून दुसऱ्या गालात सरकावा, आणि आपण त्या दोन गालांच्या मध्ये बसलेलो असावं…

दिराने उठून मागच्या दोन्ही स्पीकरचे प्लग उपटले.

तरीही… च्यप. च्यप.

त्याने स्पीकरच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि झटक्याने मागे घेतलं. बोट आणि पडदा यांच्यामध्ये एक चिकट तार लोंबली. कोमट. शिळा घास तोंडात धरून कुणी झोपावं, तसला आंबूस वास खोलीभर पसरला. दीर कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यावर वाकला आणि भडाभडा ओकला.

तेवढ्यात घरून फोन आला. तिच्या सासूबाई होत्या.

"अगं, ही पोरगी बघ काय करतेय. बोलता बोलता गप्प होते, आणि सारखी जीभ पुसत बसलीय. म्हणते, आतून कुणीतरी चाटतंय."

भाचीने फोन तसाच खाली ठेवला आणि जोडण्या उघडल्या.

लेकीच्या आवाजाची ती धार! ती अजून त्याच पाइपात जात होती.

तिने ती जोडणी तोडली. जोडणी पुन्हा आपोआप लागली. पुन्हा तोडली. पुन्हा लागली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'काय'ची लाटही बसत चालली होती, साखर विरघळावी तशी.

तिने मागची अख्खी बसच उडवली. तिच्यातले वारे, रातकिडे, कित्येक दिवसांची मेहनत, सगळं गेलं.

खोली शांत झाली.

आणि मग, जिथे स्पीकरच नव्हता त्या कोपऱ्यातून…

एक लांबलचक, तृप्त ढेकर.

ती गोष्ट तिने कधीच पुरी केली नाही. गिऱ्हाइकाला आगाऊ घेतलेले पैसे परत दिले. मागचे दोन्ही स्पीकर भंगारवाला फुकटही नेईना. वास येतो म्हणाला.

लेक बरी आहे. डॉक्टरांनी घसा तपासला, काही नाही. शाळेत जाते, भांडते, चुरूचुरू बोलते.

पण परवा ती माझ्याकडे आली होती. पोरांना गोष्टी सांगणं हा माझा जुना नाद. मी रंगात आलो, ऐन मोक्याच्या जागी थांबलो. बाकीची पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तीही पुढे सरकली. तोंड उघडलं.

"मग…"

आणि तिने काहीतरी गिळलं. मोठं असावं. गळ्यातून खाली जाताना मला दिसलं.

"काय गं, काय विचारत होतीस?"

"काही नाही, मामाआजोबा. रुमाल आहे?"

मी रुमाल दिला. तिने ओठ पुसले, जीभ पुसली, आणि रुमाल माझ्यापुढे धरला.

"राहू दे तुझ्याकडेच," मी म्हटलं.