ओहोटीची प्रदक्षिणा

समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि उखर्डूला पहिल्यांदा पाहिलं, ते एकाच सकाळी. दोघांपैकी छातीत धडकी कुणी भरवली म्हणाल, तर… समुद्राने नाहीच!

पंधरा वर्षं झाली त्याला. इथे खानदेशात वैशाखात नदीला घोटाभर पाणी नसतं, तरी त्या सकाळचा खारट वारा अजून माझ्या नाकाशी येतो. आमचं बोलणं सगळं अहिराणी. तुमच्यासाठी सरळ करून सांगते.

मी दोंडाईच्याची. सतरा वर्षांची होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं लग्न नशिराबादला ठरवत आणलं होतं. मुलगा कसला, चांगला पस्तिशीचा बिजवर! शेती साठ एकर, पोरं दोन. मला कुणी विचारलं नव्हतं. रडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं, आबा म्हणाले, "पोरीच्या जातीनं हट्ट करू नये." सुपारी फुटण्याआधी हरिहरेश्वराला प्रदक्षिणा घालीन, असं ते बोलून बसले होते. म्हणून आगगाडी, मग आगबोट, मग ओकाऱ्या, आणि एकदाचे आम्ही तिघं तिथे पोचलो — आबा, प्रमिलाकाकू आणि मी.

तिथली प्रदक्षिणा नुसत्या देवळाभोवती नाही, डोंगराभोवती. पायऱ्या उतरायच्या, समुद्राच्या काठाने काळ्या कातळांवरून चालायचं आणि पलीकडून वर यायचं. ओहोटी असेल तेवढाच वेळ ती वाट उघडी. "वाटेत थांबू नका," असं पुजाऱ्यांनी बजावलं होतं. पण आबा पडले तापीकाठचे! आमच्याकडे पूर ओसरला की माणूस निर्धास्त. "पानी उतरनं! आते कसानं येस!" म्हणत त्यांनी कातळावर बैठक मारली, चंची सोडली आणि सावकाश पान लावायला घेतलं. काकू शिंपले वेचू लागली. मी लुगडं वर खोचून पुढे निघाले.

कातळात जागोजाग डबकी, त्यांत बोटाएवढे मासे. मी ओंजळभर पाणी घेतलं, तोंडाला लावलं आणि — थू!

"गोड आहे का?" मागून कुणीतरी विचारलं. तेही अहिराणीत!

वळून पाहते तर एक उंच, सावळा जवान, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला, हसत उभा.

"हसायला काय झालं? तुम्ही चाखलं नसेल अजून!"

"चाखलं ना. परवा. दोनदा."

"दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा विश्वास बसला नाही."

मला हसू फुटलं. तो अमळनेरचा. विधवा बहिणीला देवाला घेऊन आला होता आणि तीन दिवस पुजाऱ्यांकडेच उतरला होता.

"नाव?" मी विचारलं.

तो जरा घुटमळला. "उखर्डू."

"अगं बाई! उकिरड्यावर लोळवलं होतं की काय?"

"लोळवलं होतं. माझ्याआधीची तिघं गेली… यमाला किळस यावी म्हणून मला लोळवलं."

 मी तोंडाळ पहिल्यापासूनच. "मग… यमाची नजर अधू म्हणायची," मी म्हणाले, आणि काय बोलून गेले ते कळल्यावर कानापर्यंत तापले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एकदम माझ्या पायांकडे बघू लागला. माझे घोटे भिजले होते… आणि मी तर कोरड्या कातळावर उभी होते ना?

"पया रे पया! पानी ई ऱ्हायनं!" पळा, पाणी येतंय, म्हणून तो आबांच्या दिशेने ओरडला.

आबांनी हात उडवून त्याला वेड्यात काढलं. तेवढ्यात लाट आली आणि चंची घेऊन गेली. मग काय, आबा आणि काकू आल्या वाटेने पायऱ्यांकडे धावत सुटले. मीही वळले, तर मधली घळ पाण्याने भरलेली!

"मागे नाही, पुढे!" तो म्हणाला.

पळालो. कातळाच्या कडा तळव्यांत घुसत होत्या, शेवाळावरून पाय सटकत होते. कुठे धावत, कुठे हातापायांवर चढत आम्ही निघालो. एका भेगेपाशी त्याने उडी मारली आणि पलीकडून हात पुढे केला.

"परक्याचा हात नाही धरायची मी!"

"बरं." त्याने हात मागे घेतला. "मारा उडी. मी डोळे मिटतो."

"मिटू नका! पडले तर?"

मारली उडी. पुढच्या भेगेशीही मारली. तिसऱ्या ठिकाणी लाट कमरेला लागली, आणि मी… मी त्याचा हात धरला. आपणहून, घट्ट. खरं सांगते, पुढे कोरडी, सपाट वाट लागली तरी सोडला नाही. त्यानेही सोडवून घेतला नाही. पन्नास पावलं असतील ती. आयुष्यात इतकी सावकाश मी कधी चालले नव्हते.

वर देवळामागे काकू उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"हात धरून आली ही! नशिराबादला कळलं तर?"

आबा धापा टाकत आले. मला वाटलं, आता ओरडतील. पण आवाज अगदी खाली. "यानं तुझा हात धरला?"

उखर्डू पुढे झाला. "नाही, आबा. मी उपरण्याचं टोक दिलं होतं, तेवढंच त्यांनी धरलं. पोरीला बोल लावू नका."

खोटं बोलला. माझ्यासाठी, देवाच्या दारात! मी नुसती मान हलवली असती तर सगळं निभावलं असतं… आणि महिन्याभरात मी नशिराबादला त्या दोन पोरांची आई झाले असते. 

"खोटं आहे, आबा," मी म्हणाले. "त्यानं हात दिला तेव्हा मी धरला नाही. मग मीच धरला. कोरड्यातही धरूनच राहिले. आणि त्या बिजवराचा हात मी धरणार नाही — जीव घेतलात तरी."

काकूने कपाळावर हात मारला.  आबा उखर्डूकडे वळले.

"कोना पोऱ्या शे रे तू?"

त्याने वडिलांचं नाव सांगितलं, कूळ सांगितलं. आमच्यातलेच निघाले. आबांनी भिजलेल्या धोतराचा सोगा पिळला, झटकला.

"देवना दारशी खरं बोलनी पोर," ते म्हणाले. "नशिराबादले कागद धाडनं पडी."

एवढंच. म्हणजे नशिराबादचं मोडलं! आणि इतका वेळ कातळांवरून उड्या मारत आलेला उखर्डू… मटकन खाली बसला. तिथूनच वर माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "तुमचं नाव तर विचारायचं राहिलंच…"

"बेबा," मी म्हणाले. आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.