छातीतले फेरे

दुपारचं जेवण झालं की मी खाटेवर पडतो आणि सूनबाई खिडकीपाशी शिवण घेऊन बसते. त्या दिवशीही तसंच. छातीत पेसमेकर बसवून पाच आठवडे झाले होते आणि चार वाजता डॉक्टरांना दाखवायला जायचं होतं.

"बाबा, आता तुम्ही बॅटरीवर चालता. उशाशी चार्जर ठेवू का?" सूनबाई म्हणाली.

मी हसलो. हसता हसता उचकी लागली, ती काही केल्या थांबेना. एका लयीत, पोटातून कोणी दोरी ओढावी तशी.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी फोटो पडद्यावर लावला.

"बाबा, यंत्र कातडीखाली गोल फिरलंय. त्याच्याभोवती वायर गुंडाळली गेलीये, म्हणून हृदयातलं टोक वर सरकलंय आणि उचकीच्या नसेला झटके बसतायत. बसल्या बसल्या बोटांनी चाळा करता का?"

"नाही हो बाई."

मला अक्षर कळत नाही, पण गुंडाळलेली तार कळते. चाळीस वर्षं मी जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरली. मी पडद्यावरचे फेरे मोजले. अकरा. एकाला एक चिकटून, कुठं चढलेला नाही, कुठं सैल नाही. इतका साफ हात माझा कधीच नव्हता. तो माझ्या थोरल्या भावाचा होता.

दादा आणि मी एकाच टेबलावर बसायचो. तो तार गुंडाळायचं हँडल फिरवायचा, मी तार ताणून सोडायचो. हाती घेतलेलं कॉइल अर्धवट टाकायचं नाही, ही आमची रीत. एका सकाळी हँडल थांबलं. दादानं छाती धरली, भिंतीला टेकला, म्हणाला, "डॉक्टरला बोलाव..." अकरा फेरे उरले होते. मी म्हटलं, "एवढं पुरं करतो, दादा." हँडल माझ्याकडे घेतलं, सावकाश फिरवलं, मोजून पुरं केलं. मग उठलो. तोवर दादा बघत होता, पण बघत नव्हता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा चिरलं, वायर जागेवर नेली, यंत्र आत मांसाला दोऱ्यानं घट्ट टाचलं. तीन आठवडे बरे गेले. मग एका दुपारी सूनबाईची सुई टचटच चालली होती, माझे दोन्ही हात पांघरुणावर होते, आणि कातडीखाली यंत्र फिरलं. अर्धा फेरा. थांबलं. पुन्हा अर्धा... दमलेल्या माणसानं दम खात फिरवावं तसं. नाकात जळक्या तारेचा वास भरला. आणि उचकी लागली.

मी घाबरलो आणि घाबरलेला हात शिकलेलंच काम करतो. गुंडाळलेली तार उलट फिरवली की सुटते. मी दोन बोटांत यंत्र धरलं आणि उलट फिरवू लागलो. चौथ्या फेऱ्याला खोलीतला उजेड गेला.

जागा झालो तो दवाखान्यात. सूनबाईनं सगळं पाहिलं होतं.

"तुम्हीच करताय हे, बाबा," मुलगा म्हणाला. "जगायचं नाही का तुम्हाला?"

"जगायचंय रे."

"मग?"

मी दोन्ही हात पांघरुणावर उताणे ठेवले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता उजव्या बाजूला बसवते. ही शेवटची जागा. इथंही फिरवलंत तर माझ्या हातात काही उरणार नाही." बसवल्यावर माझी मनगटं मऊ पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधली. मी नाही म्हटलं नाही. लेकरं जिवाच्या भीतीनं करत होती. पण हात बांधल्यावर नाक खाजवायचंही दुसऱ्याला सांगावं लागतं, आणि छातीत काय चाललंय ते तर सांगताही येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोटोच्या खोलीत नेलं. पट्ट्या सोडल्या, पण मुलाला माझा भरवसा नव्हता. तो शिशाचा जड एप्रन घालून शेजारी उभा राहिला आणि माझी दोन्ही मनगटं मांड्यांपाशी दाबून धरली. फोटो काढणारा काचेपलीकडे गेला.

"श्वास रोखा, आजोबा."

रोखला.

"आजोबा, छातीवरचा हात काढा. मध्ये येतोय."

"हात मी धरलेत," मुलगा म्हणाला.

फोटोचं यंत्र पुन्हा घरघरलं. मग फोटोवाला बाहेर आला. आधी त्यानं माझे हात बघितले, मग मुलाचे. आणि अगदी हळू, आजारी माणसाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मुलाला विचारलं,

"मग फोटोत पाच बोटं मिटून छातीतलं यंत्र धरलंय... ते कुणी?"

मुलानं माझी मनगटं सोडली. आणि तो दोन पावलं मागे सरला.