लिंबाखालचा नीम हकीम

चैत्रातली टळटळीत दुपार होती. गावाबाहेरच्या लिंबाखाली केशर पोचली, तेव्हा वारा पार पडलेला. तरी मोहर गळत होता… आवाज न करता, चोरपावलांनी. आणि हकिमाच्या घोंगडीवर भलताच कुणीतरी बसला होता. तरणा, काळ्या टोपीचा. किती वेळ बसला होता कोण जाणे, त्याच्या खांद्यांवर पांढऱ्या फुलांचा थर साठला होता.

केशर थबकली. भर दुपारी या झाडाखाली काय काय दिसतं, हे पेडगावात सगळ्यांना माहीत होतं.

“भिऊ नका, माणूसच हाय,” तो म्हणाला. “जिंतूरच्या शाळेत उर्दू शिकवतो. चंद्रभान.”

“इथं काय करायलाव?”

“ज्याची तुमी वाट बघायलाव, त्याचीच वाट बघायलोय.”

तिला हसू आलं, पण ते तिनं पदरात दाबलं. आपण नीम हकिमाकडून माईचं औषध न्यायला आलोय, असं तिनं सांगितलं. तो एकदम गंभीर झाला. हे नाव त्याला कुणी दिलं, असं त्यानं विचारलं.

“सगळं गावच म्हणतंय. नीम म्हंजी लिंब. लिंबाखाली बसतो, म्हणून नीम हकीम.”

“झाड इथलं हाय… शब्द लय लांबचा हाय.”

मग त्यानं सांगितलं, की फारसीत नीम म्हणजे अर्धा. दरबारी माणसांबरोबर, फौजांबरोबर तो शब्द दक्षिणेत उतरला. अर्धवट शिकून लोकांच्या नाडीला हात घालणाऱ्याला जाणती माणसं नीम हकीम म्हणू लागली. ते नाव नव्हतं, इशारा होता. खेड्यापाड्यांत येईस्तोवर इशारा गळून पडला आणि शब्दाला लिंबाची पानं फुटली.

“पोरांना असंच भिववता व्हय शाळेत?” तिनं विचारलं.

“पोरं एवढे मोठे डोळे करून ऐकत न्हाईत.”

तिनं डोळे खाली वळवले. वळवले खरे… पण तेवढ्यात त्यानं विचारलं, “तुमच्या माईचे डोळे कसे हायेत?” आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

कारण तिच्या मायचे, बायनाबाईचे डोळे नुसते काळे झाले होते. बुबुळ एवढं पसरलं होतं, की भोवती रंग म्हणून उरला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी साधा ताप आला होता. हकिमाचं औषध सुरू झालं, ताप गेला आणि माय बदलली. दिवसभर ती हवेतून काहीतरी वेचायची, नसलेल्या दोऱ्यात ओवायची, रिकाम्या कोपऱ्याकडं बघून हळूहळू बोलायची. हकीम म्हणाला होता, ‘अर्धी पलीकडं गेलीय. औषध सोडलं, तर उरलेली बी जाईल.’ केशरचा बाप लिंबाजी त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. हे सगळं तिनं चंद्रभानला सांगितलं.

“माझे वडील बी असंच वेचायचे,” चंद्रभान म्हणाला. “एकविसाव्या दिवशी गेले. वरीस झालं, मी या हकिमाला गावोगाव धुंडायलोय. त्या औषधात धोतरा हाय. तीन दिवस देऊ नका… नुसतं गुळाचं पाणी द्या.”

तीन दिवस! एका अनोळखी माणसाच्या बोलण्यावर मायचा जीव टांगायचा? पण घरी आल्यावर मायनं तिच्याकडं पाहिलं आणि ‘कोण गं बाई तू?’ असं विचारलं. केशरनं घरात उरलेली पुडी चुलीत टाकली.

चंद्रभान गावात आसारामच्या ओसरीवर उतरला होता. केशर पाण्याला निघाली, की तो नेमका विहिरीच्या वाटेवर असायचा. “आज?” एवढंच विचारायचा. “आज कमी वेचलं,” ती सांगायची. तेवढ्या चार शब्दांसाठी ती सकाळपासून वाट बघायची, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं… आणि त्याच दिवशी मायनं तिला नावानं हाक मारून भाकरी मागितली.

केशर मायच्या हातावर भाकरी ठेवते न ठेवते, तोच दारात सावली पडली. हकीम. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

“औषध कुणी बंद केलं?” तो हळूच म्हणाला.

लिंबाजी चमकून उभा राहिला. केशरनंच उलट विचारलं, “नीम म्हंजी काय, हकीमसाहेब?”

त्यानं पापणी न हलवता तिच्याकडं पाहिलं. मग हसला. म्हणाला, त्याचं खरं नाव सटवाजी. हैदराबादेत एका मोठ्या हकिमाकडं तो खलबत्ता कुटायचा. औषधं चोरली, तेव्हा उस्तादानं सगळ्यांदेखत त्याला ‘नीम’ म्हणून हाकललं. गावाकडं आला, तर लोक त्याच शिवीला हात जोडू लागले. “मी कशाला सांगू त्यांना? झाड शोधलं आन् बसलो.”

हकीम गावात शिरल्याचं कळून चंद्रभान आसारामला घेऊन धावत आला, तोवर लिंबाजीनं हकिमाचं मनगट धरलं होतं. दुपारीच त्याला चावडीवर नेऊन ठाण्याच्या अमिनाच्या शिपायांच्या ताब्यात दिलं. दारातून जाताना तो मागं वळून म्हणाला, “कोपऱ्यातल्याला इचारा, मी खोटा होतो का ते.”

 मग बायनाबाईच बोलली, शांतपणे, भाकरीचा तुकडा मोडत. कोपऱ्यात एक म्हातारा बसायचा, म्हणाली. चष्मा कानाला दोऱ्यानं बांधलेला. लय सभ्य. पोराची वाट बघायचा.

चंद्रभान भिंतीला टेकला. तो चष्मा त्याच्या वडिलांचा होता. दोरा त्यानंच बांधून दिला होता. आणि हे त्यानं केशरलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

“काय म्हणायचे?” त्यानं विचारलं.

“म्हणायचा, पोराला सांगा, लय फिरलास. आता घर कर.”

संध्याकाळी तो जायला निघाला, तेव्हा केशर कुंपणापर्यंत आली.  आसारामची बैलगाडी जुंपून तयार होती.

“तुमच्या बाला मी इचारणार हाय,” तो म्हणाला. “पण आधी तुमाला इचारतो. वडील म्हणले म्हणून न्हाई… त्या दुपारीच ठरलं होतं माझं.”

केशर कुंपणाच्या काटक्या मोडत राहिली. एक, दोन, तीन… बैलांच्या घंटा वाजल्या. तिनं मान वर केली, त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं आणि विचारलं, “जिंतूरला पाणी कुठून भरतेत?”

त्याला कळायला जरा वेळ लागला.

“घरामागंच आड हाय,” तो म्हणाला. “गोड पाणी हाय.”

“मग बरं,” केशर म्हणाली.