रुमालाखालचा आकडा

"बिराप्पा, आज तोंडात किती दुखतंय? शून्य ते दहा, बोटांनी दाखवा."

फळीवरचा फोन रोज सकाळी विचारी आणि बिरूतात्या पेज निवायची वाट बघत दोन बोटं वर करीत. फोनवर हिरवा ठिपका उमटे. मग त्यांची लेक रेणुका हायसं वाटून गॅसकडे वळे.

आवाज फोनचा असला, तरी विचारणारा तात्यांच्या तोंडातच बसला होता. कर्करोगापायी तात्यांची अर्धी जीभ आणि डावा जबडा गेला. जबड्याच्या जागी डॉक्टरांनी तात्यांच्याच पेशींपासून वाढवलेलं हाड बसवलं आणि हिरडीवर नखाएवढी चकती चिकटवली. तिचं नाव राखणदार. किरणोपचारांनी लाळ आटते, हाडाला रक्त पुरत नाही, आणि अशा तोंडात जंतूंना रान मोकळं मिळतं. राखणदार लाळेतले जंतू ओळखी आणि त्यांना खाणारे विषाणू, म्हणजे जंतुभक्षक, बेताने सोडी. लाळ अपुरी पडली की तो रुग्णाने सांगितलेल्या आकड्यावर आणि फोनच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चेहऱ्यावर भिस्त ठेवी. जंतू हाडात शिरल्याची शंका आली, तर तोच दवाखान्याची गाडी बोलावी. तसं झालं तर नवं हाडही काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तात्यांनी तेव्हा नुसती मान डोलावली होती.

हल्ली मात्र खोलीत घाण वास येत होता. पेज तशीच परत येत होती.

"तात्या, खरंच दोनच?"

दोन बोटं. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. रेणुकाला त्यांचा राग आला, पण हिरव्या ठिपक्याशी भांडणार कसं?

त्या दुपारी बाबालाल मुलाणी भेटायला आला. दोघे सांगोल्याच्या बाजारातले बैलांचे दलाल, जन्मभर एकमेकांशी चढाओढ करणारे. आता बैलाच्या कानातला बिल्ला वय, वजन, दुखणंखुपणं सगळं फोनवर सांगतो. भाव मात्र अजून रुमालाखाली, बोटं दाबूनच ठरतो. उघड्यावर बोलतात तो आकडा बघ्यांसाठी. बाबालालने सवयीने खांद्यावरचा रुमाल तात्यांच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला.

"काय भाव चाललाय दुखण्याचा, गड्या?" तो हसला. मग त्याचं हसू एकदम मावळलं. चहा न घेताच तो उठला.

रेणुकाने त्याला अंगणात गाठलं. "चाचा, काय सांगितलं त्यांनी?"

"रुमालाखालचा आकडा तिसऱ्याला सांगत न्हाईत, पोरी. उभ्या जन्मात म्या सांगितला न्हाय." त्याचे डोळे भरले होते. त्याने रुमाल तिच्या हातात दिला. "पर तुला हात घालायला कोण आडवं आलंय?"

लहानपणी तात्यांनी तिला हा खेळ शिकवला होता. ती आत आली, रुमाल टाकला आणि त्यांचा हात धरला. हात चटका बसेल इतका तापला होता. तात्या तो सोडवू बघू लागले.

"मी गिऱ्हाईक न्हाय, तात्या. लेक हाय तुमची."

तात्यांची ओढाताण थांबली. मग त्यांनी तिचा अख्खा पंजा आवळला. पाच. सोडला, आणि चार बोटं धरली. नऊ.

रेणुका फोनवर ओरडली, "नऊ दुखतंय त्यांना! गाडी पाठवा!"

"रुग्णाने स्वतः सांगितलेला आकडा दोन आहे," फोन शांतपणे म्हणाला. "चेहराही दोनचाच आहे. नातेवाइकांचा अंदाज बहुधा वाढीव असतो."

ठिपका हिरवाच राहिला.

"तात्या, तुम्हीच सांगायला पायजे. उघड्यावर." तिने फळीवरचा फोन त्यांच्यापुढे आणला. "हाड काढतील म्हणून भ्यायलाय व्हय? जाऊ दे ते हाड. मला बाप पायजे!"

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग रुमाल बाजूला सारला आणि दोन्ही हात फोनसमोर धरले. जन्मभर झाकलेली बोटं उघड्यावर आली. नऊ.

ठिपका लाल झाला.

गाडी दवाखान्याच्या वाटेला लागल्यावर डॉक्टर शेटेबाईंचा फोन आला. "गाडीतल्या तपासणीत दिसतंय, पू हाडाशी पोचलाय. पण वेळेत निघालात, तात्या वाचतील. हाडाचं आत्ताच सांगता येत नाही. पण राखणदार फसला कसा? चेहराही ओळखतो तो."

"चेहरा बाजारातला आहे त्यांचा," रेणुका म्हणाली. "नऊ मनात ठेवून दोनचा करतात."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "रेणुका, या चकत्या एकमेकींकडून शिकतात. आपल्या भागात पहिली चकती तात्यांना बसवली. दुखणं चेहऱ्यावर कसं दिसतं, हे बाकीच्या सगळ्या चकत्या त्यांच्या चेहऱ्यावरूनच शिकल्यात."

"बाकीच्या रुग्णांचे ठिपके आज कसे आहेत?"

"हिरवे. सगळे हिरवे."

रेणुकाने मांडीवरच्या रुमालाकडे पाहिलं. त्या सगळ्यांच्या हातावर आता रुमाल कोण टाकणार होतं?