मार्केझाबाईंचा आवाज

आमच्याकडे सिनेमा आधी मुका काढतात. रोमच्या कुठल्याही सेटवर जा, नट तोंडाला येईल ते बडबडत असतात. आवाज मागाहून डबिंगच्या खोलीत भरायचा. ते भरून घेणं माझं काम, आणि माझी बायको ओर्नेला आवाज देणारी. तिच्या गळ्यावरच आमची चूल पेटते.

त्या वर्षी दिग्दर्शक बोनाल्दीला बड्या लोकांच्या पोकळ आयुष्यावर सिनेमा काढायची हुक्की आली. मेजवानीच्या प्रसंगासाठी त्याने खरेखुरे सरदार-जहागीरदार गोळा केले. मला या जातीचा मनापासून तिटकारा आहे. काम ना धाम, उघड्या अंगाला घाम! शूटिंगच्या व्हिलामध्ये भर दुपारी पडदे ओढून मेणबत्त्या लावल्या होत्या. शिळ्या अत्तराचा वास कोंडला होता. शंभर तोंडं हलत होती, पण ऐकू येत होती फक्त ग्लासांची किणकिण आणि रेशमाची सळसळ.

"काहीतरी बोला ना, बाईसाहेब," बोनाल्दी मार्केझा ओर्तेन्सियांना, म्हणजे त्यातल्या बड्या जहागीरदारीणबाईंना, म्हणाला. "आकडे म्हणा, शिव्या द्या. आवाज नंतर भरतो आपण."

गळ्यातली मोत्यांची माळ चाळवत त्यांनी मान डोलावली. ओठ हलले, आवाज नाही. मी म्हटलं, माज आहे, दुसरं काय.

डबिंगच्या दिवशी ओर्नेला पडद्यावरच्या मार्केझाबाईंसमोर उभी राहिली.

"या बयेला देवाने तोंड दिलंय, जीभ द्यायची राहिली वाटतं," ती हसून म्हणाली.

संवाद साधा होता: "किती उकडतंय इथे." पहिल्या खेपेला तो ओठांवर नीट बसला. तोच तुकडा मी पुन्हा लावला, तर ओठ निराळेच हलले. ओठ वाचण्यात माझा जन्म गेलाय. बाई म्हणत होत्या, "गोड आहे."

"सावेरिओ, तुकडा बदललास का रे?"

"तोच आहे. घे पुन्हा."

पुन्हा लावला. "अजून," ओठ म्हणाले. बाईंनी शेजारच्या सरदारावरची नजर काढून ओर्नेलावर रोखली होती. ओर्नेला थांबेना. दर खेपेला तिचा आवाज धुतलेल्या कापडासारखा विटत चालला. मला भीती वाटली, खरीखुरी.

"बस! थांब!" मी ओरडलो आणि यंत्र बंद केलं.

ती वळून काहीतरी म्हणाली.

काहीच ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी गळा तपासला. ठणठणीत आहे, म्हणाले.

रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. फोन वाजला, मी उचलला.

ओर्नेला बोलत होती. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायची तिची खोड, तिचं हसू, सगळं तिचं.

ओर्नेला माझ्यासमोर चमचा धरून बसली होती.

"गुरुवारी या ना आमच्याकडे," फोनमधून ती म्हणाली. "बायकोलाही आणा. अशी गप्प माणसं आमच्यात छान मिसळतात."

मी फोन आपटला आणि वळलो.

ओर्नेला आरशापुढे उभी राहून गळ्यात मोत्यांची माळ घालून बघत होती.

आमच्या घरात मोती कधीच नव्हते.