पुढे चालणारी पाठ

“आई, हे बूट भंगारात टाकू?”

मुलाने वडिलांचे जुने बूट नाड्यांना धरून उचलले होते, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसे... आणि आईच्या काळजात चर्र झालं!

“खाली ठेव ते,” ती कशीबशी म्हणाली.

तासाभरात कोपऱ्यावरच्या सभागृहात कर्नलसाहेबांची शोकसभा होती. जुने सोबती लांबून आले होते आणि ‘मुलगा दोन शब्द बोलेल’ असं आईने परस्पर कबूल करून टाकलं होतं. मुलगा आला होता, पण पाहुण्यासारखा. बॅगेची चेनसुद्धा त्याने अजून उघडली नव्हती. बापाबद्दल तो चांगलं बोलला नाही, तर त्या माणसाचं आयुष्य अर्धंच सांगितलं जाणार होतं. आईचा जीव त्यात अडकला होता.

कर्नलसाहेब सैन्यातले इंजिनिअर. नदीवर पूल टाकावा, शत्रूने पेरलेले सुरुंग काढून वाट मोकळी करावी, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर गल्लीत कुणाचं दार कुरकुरलं, की हे न बोलावता तेलाची कुपी घेऊन हजर! “सुरुंग संपले, आता दादाने बिजागऱ्यांशी युद्ध पुकारलंय,” असं आईच्या नणंदबाई म्हणायच्या. घरात कोण कुणासाठी किती रडलं, याचा चोख हिशेब ठेवणाऱ्या त्या बाई. वहिनीच्या नावावर मात्र त्यांना कधी काही जमा दिसलं नाही.

साहेबांची एकच खोड साऱ्यांना खुपायची. रस्त्यावर ते नेहमी पुढे चालत, बायको मागे, आणि मागे वळून बघणं म्हणून नाही! “दोघांच्या मधून हत्ती जाईल गं,” नणंद टोमणा मारायची. वहिनी हसून गिळायची. जन्मभर गिळत आली होती...

“मी काही बोलणार नाही,” मुलगा म्हणाला. “काय सांगू लोकांना? मला बाबांची फक्त पाठ आठवते! नोकरीसाठी घर सोडलं, त्या दिवशी माझी बॅग घेऊन स्टेशनभर पुढे चालले. मला डब्यात चढवलं आणि निघाले. गाडी हलली तेव्हा मी हाक मारली आई, जीव तोडून! वळले ते?”

“नाही वळले.”

“मग? तेव्हाच ठरवलं, आपणही वळायचं नाही.”

“बरोबरच आहे त्याचं,” शोकसभेसाठी आलेली नणंद कोपऱ्यातून पुटपुटली. “दगडच होता माझा दादा!”

आईच्या ओठांवर जन्मभराची शपथ होती. पण शपथ घालणाराच आता उरला नव्हता... तिने बूट उचलून छातीशी धरले आणि बांध फुटला.

“दगड नव्हते ते! सुरुंग काढलेल्या वाटेवर पहिलं पाऊल साहेबाने टाकायचं आणि मागच्यांनी त्याच्या पावलावर पाऊल ठेवायचं, हा त्यांच्या पलटणीचा रिवाज. एकदा सगळे नीट येताहेत ना, म्हणून मायेनं यांनी मागे वळून पाहिलं... मागच्या पोराला वाटलं, साहेब बोलावताहेत. तो घाईने आडवा धावला... पाऊल चुकलं रे त्याचं!”

आईने बुटांवरून हात फिरवला.

“‘मी वळलो, की मागचा घाई करतो,’ एवढंच म्हणाले. पुन्हा कधी वळले नाहीत. तुझ्या हाकेला थांबले होते ना ते? आठव!”

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. “थांबले होते... गाडी फलाटाबाहेर पडेपर्यंत जागचे हलले नव्हते.”

“घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. ‘वळलो असतो, तर चालत्या गाडीतून उडी टाकली असती गं त्याने,’ म्हणाले.”

“आणि तू मला हे आज सांगतेस? आई!”

“शपथ घातली होती त्यांनी. ‘पोराला माझा राग येऊ दे, पण पाऊल टाकायची भीती बसायला नको...’ तुझा राग त्यांनी पत्करला, आणि तुझी वाट बघणं माझ्या वाट्याला आलं.”

“अगं मेले, मला तरी सांगायचंस!” नणंदेने हंबरडा फोडून वहिनीला मिठी मारली. “किती टोचलं गं मी तुला...”

मुलगा खाली बसला. बुटांची धूळ त्याने स्वतःच्या बाहीने पुसली, ते दाराशी, नेहमीच्या जागी, जोडीने ठेवले आणि मग म्हणाला, “चल. लोक खोळंबले असतील.”

“काय बोलशील?”

“ते थांबले होते, हे सांगेन.”

रस्त्यावर आई सवयीने मागे राहिली. पुढे मुलाची पाठ. तेच खांदे, तीच मान! चार पावलांवर ती पाठ थांबली... आणि मागे न वळताच त्याने आपला हात मागे केला.

तो धरून आई हळूच त्याच्या बरोबरीला आली. नजर कुठे ठेवावी, हेच क्षणभर तिला कळेना. समोर कुणाचीच पाठ नव्हती. सबंध रस्ता दिसत होता.