पानवाडीतली जहाजाची गोष्ट

केळव्याच्या वाडीत दुपारी विड्याची पानं निवडायला बायका बसल्या, की जयवंतीबाईंची सून स्नेहल पुस्तक वाचायची. सध्या जहाजाची गोष्ट चालली होती. पुस्तक बोईसरच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं. ऐकणाऱ्यांनी वाक्यागणिक हुंकार द्यायचा, हा जयवंतीबाईंच्या सासूपासूनचा कायदा. हुंकार थांबला की गोष्ट उठते आणि दुसरीकडे ऐकणारा शोधायला जाते म्हणे.

केदार, जयवंतीबाईंचा लेक आणि स्नेहलचा नवरा, मालवाहू जहाजावर होता. वादळाची बातमी आल्यापासून त्याचा फोन नव्हता. स्नेहलला देवाधर्माचं काही वाचायचं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "समुद्राचीच वाच. त्याला कळू दे, आमी भीत नाय."

"कप्तानाने कंदील उचलला," स्नेहल वाचू लागली.

"हं," सगळ्या म्हणाल्या.

"जहाजाच्या तळातून ठोका आला. झाकणाच्या आतून."

शेजारची हेतल किंचाळली आणि तिच्या मांडीवरची पानं अंगणभर उधळली. पानं खुडायला येणारी सोमी पोट धरून हसली. "जहाज त्याचं बुडतंय, गटांगळ्या तू का खातेस गो?"

"पानं उचल आधी," जयवंतीबाई म्हणाल्या. "फाटलेल्याची भजी तूच तळशील. आनि तो कप्तान येडा हाय. दार वाजलं की पयलं विचारायचं, कोन हाय म्हनून. माझ्या दारावरची म्हैस पन ओरडून आत येते."

स्नेहलही हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि सगळ्याजणी पानांत डोकं खुपसून बसल्या.

"कप्तानाने झाकण उघडलं. खाली काळं पाणी. पाण्याखाली कुणीतरी दिवा लावलेला. तो वाकला..."

हुंकार आला नाही. हेतलने सोमीचं मनगट धरलं होतं. जयवंतीबाईंच्या बोटांत पान तसंच राहिलं. वारा पडला. सुपारीच्या झावळ्या हलायच्या थांबल्या.

मग विहिरीकडून पुरुषाचा आवाज आला.

"हं."

विहिरीपाशी कुणी नव्हतं. कठड्यावर ओल होती. सोमीने बोट टेकवून जिभेला लावलं.

"खारट हाय," ती म्हणाली. विहिरीचं पाणी गोड होतं.

"वाच पुढं," जयवंतीबाई म्हणाल्या.

"पुढची पानंच नाहीत, आई. गळालीत."

दुसऱ्या दुपारी फोन वाजला. स्नेहलने स्पीकर लावला.

"आय, बरा हाय मी. इंजिन बंद पडलेलं. आता बंदराला लागलोय."

हेतल नाचली. सोमीने सूप वाजवलं. जयवंतीबाईंनी आधी लेकाला मनसोक्त शिव्या घातल्या, मग विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो. आय, पन तो कप्तान वाचला हां! दिवा लावलेला तो त्याचाच खलाशी. बुडाला म्हणून सगळे रडलेले, त्याला वर ओढून काढलं."

"हं!" बायका ओरडल्या. केदार सांगत गेला, किनारा लागला, जहाजावर ढोल वाजले. प्रत्येक वाक्याला वाडीभर हुंकार घुमला.

स्नेहलने फोनजवळ तोंड नेलं. "तुम्हाला हे पुस्तक मिळालं कुठे?"

"पुस्तक कसलं? अंधारात माझ्या उशाशी बसून आय वाचत होती. पार शेवटपर्यंत. पदर नुसता गळत होता तिचा. म्हटलं, पिळून तरी घे."

सगळ्यांनी जयवंतीबाईंकडे पाहिलं. त्यांना सहीपुरतीच अक्षरं येत. त्यांनी मान ताठ केली.

"मीच ती. तुला दुसरं कोन वाचून दाखवनार?"

पलीकडे केदार आवाज खाली आणून म्हणाला, "मग आय, इथं माझ्या उशाशी हाय तिला ऊठ म्हणून सांग ना. गोष्ट संपली तरी बसलीय."